न बोलावता वर होणारा झेंडा

ओमाहा,
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९९३

प्रिय ऑर्व्हिलदादा,

धाकट्या बहिणीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? छातीतला खोकला गेला की अजून बिऱ्हाड करून आहे? छपराची गळती थांबली का, आणि चर्चच्या नव्या गालिच्यावरून पास्टरसाहेबांशी धरलेला अबोला सुटला का? (तुझ्या गावातली हॅरिएट मला पत्रातून सगळं कळवते.) मी इकडे मजेत आहे. (नाही. पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं, तेवढं वळण आईने आपल्या दोघांना लावलेलं आहे.)

पाकिटावर तिकीट नाही, हे तू माझं अक्षर ओळखायच्या आधीच पाहिलं असशील. एकतीस वर्षं आयोवाच्या कच्च्या रस्त्यांवर टपाल वाटलेल्या माणसाची नजर आधी पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर जाणार आणि मग माणसांवर, हे मी ओळखून आहे. बिनतिकिटाचा कागद दुसऱ्याच्या टपालपेटीत टाकणं हा सरकारी गुन्हा आहे, हेही मला पाठ आहे. हॅरिएटने नातवाच्या बारशाची आमंत्रणं तिकिटं वाचवायला स्वतः फिरून पेट्यांत टाकली, तेव्हा तू ती सगळी गोळा करून तिची तिला परत नेऊन दिली होतीस. (आणि रविवारी त्याच बारशाला जाऊन केकचे दोन तुकडे खाल्ले होतेस.) तिकीट का नाही, ते शेवटी सांगते. तोवर रागावू नकोस. किंवा रागाव, पण वाचत राहा.

आधी जुनं दुखणं उघडं करते, म्हणजे पुढचं नीट कळेल. चौदा महिने झाले, दादा, मी तुझ्या बोलावण्याची वाट पाहते आहे. परवा थँक्सगिव्हिंग, घरच्यांनी एका टेबलाशी जेवायचा दिवस. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला चार खुर्च्या आहेत, त्यातली खिडकीकडची, जिचा एक पाय आखूड आहे, ती आपल्या लहानपणापासून माझी. ती अजून माझी आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे. बाकी या पत्रात जे काही आहे ते नुसतं पाल्हाळ, आणि ते आपल्या घराण्यात माझ्याकडेच आलंय, तुझ्या वाट्याला एक अक्षर आलं नाही.

लॉरीनवहिनी गेली त्यानंतर नवव्या दिवशी मी न सांगता तुझ्याकडे येऊन धडकले. कुणी सांगितलं नव्हतं. तू कबरीवर फुलं ठेवायला गेला होतास आणि मला रिकामं बसवत नाही, म्हणून मी तळघरातला मोठा फ्रीझर साफ करायला घेतला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची ही माझी जुनीच खोड. आमच्या प्रयोगशाळेत फ्रीझरवर मी स्वतःच्या हाताने लिहून लावलेला नियम आहे: 'नाव नाही, तारीख नाही, तर ते नाही.' ज्या डब्यावर चिठ्ठी नाही तो कचऱ्यात, मग तो खुद्द मोठ्या डॉक्टरांचा का असेना. सव्वीस वर्षांत हा हात कधी चुकला नाही. तुझ्या फ्रीझरच्या तळाशी मला कॉटेज चीजचे सात जुने डबे सापडले, आत काहीतरी गुलाबी गोठलेलं, वर ना नाव ना तारीख. मी ते सातही टाकून दिले, सोड्याच्या पाण्याने फ्रीझर लख्ख पुसला आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

ते वहिनीने केलेलं रुबार्ब होतं. जूनमध्ये, हात थरथरत असताना, स्टुलावर बसून तिने ते आंबट देठ चिरले, साखर घालून आटवले, आणि तुझ्या हिवाळ्याची सोय करून ठेवली. तिला कशाला हवी चिठ्ठी? घरात खाणारे दोघं, आणि दोघांनाही ठाऊक आत काय आहे. तू परत आलास, उघड्या फ्रीझरपाशी बराच वेळ उभा राहिलास, आणि ओरडला नाहीस. ओरडला असतास तर फार बरं झालं असतं, मी उलट ओरडले असते, मग दोघं रडलो असतो आणि रात्रीपर्यंत पत्ते खेळलो असतो. तू फक्त विचारलंस, "व्हर्ना, तुला कुणी बोलावलं होतं?" मी म्हटलं, "नाही." तू म्हणालास, "मग पुढच्या वेळी बोलावलं की ये." आणि माझी बॅग गाडीपर्यंत आणून दिलीस. वर माझ्या गाडीची समोरची काच पुसलीस. मी सबंध रस्ता रडत आले, पण काच स्वच्छ होती एवढं खरं.

तेव्हापासून शहाण्यासारखी वाट पाहते आहे. निरोप साठवणारं टेलिफोनचं यंत्रसुद्धा विकत घेतलं, न जाणो मी नळ्या धूत असताना तुझा फोन यायचा. त्यात आजवर साठलेले निरोप असे: दातांचा डॉक्टर चार वेळा, आणि एक गृहस्थ, ज्यांना दर शुक्रवारी माझ्याकडून मोठा पिझ्झा हवा असतो. (आता मी त्यांना ओळखते. त्यांच्या बायकोला कांदा चालत नाही.) नाताळात तुझं कार्ड आलं, त्यावर छापील शुभेच्छा आणि खाली सही: 'ऑर्व्हिल टी. हॉगेन'. सख्ख्या बहिणीला आडनावासकट! मी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, आत आणखी काही सापडेना, मग टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाठ करून जेवले.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट. तू म्हणशील, तिचा इथे काय संबंध? आहे, जरा दम धर. डॉक्टर किमेल यांच्या हाताखाली मी सव्वीस वर्षं नळ्या भरते, हे तुला माहीतच आहे. (तू गावभर सांगतोस की माझी बहीण औषधं शोधते. मी नळ्या भरते रे. मागच्या खेपेला तुमच्या पास्टरसाहेबांनी मला कोपऱ्यात गाठून सासूबाईंच्या पित्ताशयाबद्दल सल्ला विचारला होता.) आमचं काम तुला तुझ्याच भाषेत सांगते. शरीरातल्या पेशींच्या अंगावर बाहेरच्या बाजूने हजारो टपालपेट्या असतात. आमच्याकडे त्यांना रिसेप्टर म्हणतात, पण त्या पेट्याच. प्रत्येक जातीची पेटी एकाच जातीचं पत्र घेते. आम्ही ज्यांच्यावर काम करतो त्या ॲड्रेनॅलिनच्या पेट्या. म्हणजे असं, की तू टपाल वाटत असताना जेन्सनांचा कुत्रा अंगावर आला, की तुझ्या रक्तात ॲड्रेनॅलिन सुटायचं, ते पत्र पेटीत पडायचं, पेटीचा लाल झेंडा (तुझ्या रस्त्याकडेच्या पेट्यांच्या अंगाला असतो तसा) वर व्हायचा, आणि झेंडा दिसला की पेशीच्या आतली मंडळी धावपळ करायला लागायची. (खऱ्या पेटीचा झेंडा पत्र पाठवायचं असलं की वर करतात, आलं असलं की नाही, हे मला माहीत आहे. एवढी चूक पोटात घाल.) आतली धावपळ किती झाली हे आमचं मोजयंत्र आकड्यात छापून देतं. आणि दर खेपेला काही नळ्या अशा ठेवतो की त्यात पेशी आहेत, पेट्या आहेत, पण पत्राचं काम करणाऱ्या औषधाचा थेंब नाही. अशा नळीला आम्ही कोरी नळी म्हणतो. पत्रच नाही, तर झेंडा कशाने वर होईल? कोऱ्या नळीचा आकडा म्हणजे यंत्राची नुसती कुरकुर, तो दोनशेच्या आसपास येतो, आणि तो बाकीच्या सगळ्या आकड्यांतून वजा करायचा. हे मी सव्वीस वर्षं डोळे मिटून करत आले.

ऑगस्टमध्ये बेआत्रिसने पेशींवर मुद्दाम जादा पेट्या बसवल्या. (बेआत्रिस म्हणजे आमच्याकडची तरुण शास्त्रज्ञ, पोर्तो रिकोची. एका श्वासात तीन वाक्यं बोलते आणि चौथं तुम्ही बोलायला लागलात की त्यात घुसवते. मला फार आवडते.) मी नेहमीसारख्या नळ्या भरल्या, यंत्रात ठेवल्या, आणि कोऱ्या नळीचा आकडा आला नऊशे. मला वाटलं यंत्राला ताप आला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरल्या, पुन्हा नऊशे. डॉक्टर किमेल ओरडत नाहीत. (माझ्या नशिबी सगळे न ओरडणारेच पुरुष लिहिलेत.) त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागदाची पट्टी नाकाशी धरली आणि म्हणाले, "व्हर्ना, कोरी नळी कोरी नाही."

"दिसतंय मला, डॉक्टर."

"कुठून तरी औषध सांडतंय."

"माझ्या हातून नाही."

"तुझ्या हातून असं मी कुठे म्हटलं?"

म्हणाले नाहीत, पण बघितलं माझ्या हातांकडेच. दादा, अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी आपल्या हातांकडे तसं बघितलं की काय वाटतं, ते तुला सांगायला नको. तुला निवृत्त करायच्या आदल्या वर्षी तो नवा पोस्टमास्तर तुझ्या चष्म्याकडे बघायचा तसंच. आधी भावाच्या घरातून हात पुसून बाहेर, आणि आता इथेही हेच. मी घरी येऊन पिझ्झावाल्या गृहस्थांना फोनवर इतकी तोडून बोलले की त्यांनी नंतर आठवडाभर फोन केला नाही.

मग तीन आठवडे आम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होतो. सगळी काचेची भांडी मी तीनदा धुतली, चौथ्यांदा उकळली. बेआत्रिसचं हाताला लावायचं गुलाबाचं मलम बंद केलं. माझं हॅमचं सँडविच जिना उतरून खाली जाऊन खायचं ठरलं. मग संशय वासरावर गेला. पेशींना जगवायला वासराच्या रक्तातला निवळ, म्हणजे सीरम, घालतात, आणि बेआत्रिसचं म्हणणं पडलं की वासरू घाबरलेलं असेल तर त्याचं ॲड्रेनॅलिन बाटलीत उतरलं असणार. तो माल पुरवणाऱ्याला मीच फोन लावला. विचारलं, "अहो, मागच्या खेपेचं तुमचं वासरू घाबरलं होतं का?" तो म्हणाला, "बाई, ते खाटकाकडे चाललं होतं. त्याने काय गाणी म्हणायला हवी होती?" मी फोन ठेवला, आणि वासराबद्दल वाईट वाटून तो सबंध दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. आम्ही निवळ बंद केला, पेशी एक दिवस उपाशी ठेवल्या. नऊशे.

शेवटी, वासरू सुटल्यावर, संशय यायचा तिथेच आला. डॉक्टर फार हळुवारपणे म्हणाले, "व्हर्ना, हल्ली तू जरा तणावात असतेस. माणूस चिडला की त्याच्या घामात..." मी म्हटलं, "डॉक्टर, माझं ॲड्रेनॅलिन हातमोज्यातून गळून नळीत पडतंय, असं म्हणायचंय तुम्हाला?" ते म्हणाले, "शक्यता तपासायला हवी." बेआत्रिस मध्ये पडली, "व्हर्नाबाई, दीर्घ श्वास घ्या, समुद्र डोळ्यांपुढे आणा." मी नेब्रास्कात राहते, दादा, माझ्या डोळ्यांपुढे मका येतो. मग मी म्हटलं, जगात सगळ्यात शांत माणूस कोण? तर आपले डॉक्टर. तुम्हीच भरा नळ्या. आणि खरंच, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टर किमेल बाह्या सरसावून बसले. सकाळी बसले ते दुपारी उठले. तीन नळ्या फोडल्या, एक स्वतःच्या टायमध्ये ओतली, आणि वाचलेल्या कोऱ्या नळीचा आकडा आला नऊशे चार. मी फक्त त्यांच्या हातांकडे पाहिलं.

त्या दुपारी फुटक्या काचा गोळा करून झाल्यावर मी माझी वही घेऊन खिडकीत बसले. ज्या पेशींवर एकही पेटी नव्हती, त्यांची कोरी नळी दोनशे. ज्यांच्यावर जादा पेट्या, त्यांची नऊशे. आणि बेआत्रिसने त्यातल्या एका नळीच्या पेशींवर चुकून दुप्पट पेट्या बसवल्या होत्या, ती नळी आम्ही बिघडली म्हणून बाजूला टाकली होती, तिची सोळाशे. सगळ्या नळ्या एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच बाटलीतून भरलेल्या. मी उठून डॉक्टरांच्या दारात गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, एक अडाणी प्रश्न विचारते. औषध जर सांडत असेल, तर सांडलेल्या औषधाला कसं कळतं की कुठल्या नळीत पेट्या किती आहेत?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. एवढं मी सव्वीस वर्षांत दोनदाच पाहिलंय. मागून बेआत्रिसचा आवाज, "व्हर्नाबाई, तुमचं म्हणणं, पत्र नसताना पेट्या आपल्या आपण झेंडा वर करतात?" मी म्हटलं, "माझं काहीच म्हणणं नाही. मी नळ्या भरते." पण दादा, म्हणणं तेच होतं. बेआत्रिस धावत ग्रंथालयात गेली आणि संध्याकाळी हातात एक मासिक घेऊन, पडलेला चेहरा करून परत आली. चार वर्षांपूर्वीच कुणी तिकडे युरोपात दुसऱ्या एका जातीच्या पेटीवर हेच पाहून छापून ठेवलेलं. आमचं आपलं वरातीमागून घोडं. मला मात्र काडीचं वाईट वाटलं नाही. माझे हात स्वच्छ होते, एवढ्यावर मी आठवडाभर शीळ घालत फिरले.

प्रकार असा आहे की त्या झेंड्याची बिजागरी मुळातच सैल असते. झेंडा नुसता पडून राहत नाही, सारखा थरथरतो, आणि थरथरता थरथरता मधूनच आपोआप वर होतो, मग पुन्हा खाली. पत्र आलं की वर टिकून राहतो, एवढंच. हजार पेट्यांत कुठल्याही क्षणी दहा-पंधरा झेंडे वर असतातच, कुणी काही पाठवलेलं नसताना. पेट्या थोड्या असताना ते इतकं बारीक असतं की ऐकू येत नाही, आणि आम्ही ती यंत्राची कुरकुर समजून वजा करत आलो. सव्वीस वर्षं, दादा. पेशी सारख्या काहीतरी म्हणत होत्या, आणि मी पेन्सिलीने नीट रेघ मारून ते वजा करत होते.

त्या रात्री मी तुझं नाताळचं कार्ड पुन्हा काढलं. आडनाव वाचून पुन्हा राग आला. मग एकदम ध्यानात आलं की त्या नाताळात मी तुला कार्ड पाठवलंच नव्हतं. बोलावणं येईपर्यंत गप्प बसायचं म्हणून हट्टाने पाठवलं नव्हतं. तुझं कार्ड कशाचं उत्तर नव्हतंच. तू आपणहून दुकानात गेलास, कार्ड निवडलंस, पत्ता लिहिलास (पिनकोडाचे नऊच्या नऊ आकडे!), पक्ष्याचं तिकीट सरळ लावलंस. कुणी सांगितलं होतं तुला? आणि त्या दिवशी गाडीची काच पुसायला तरी कुणी सांगितलं होतं? मी हे सगळं कोरं म्हणून वजा केलं होतं. मला माफ कर. रुबार्बसाठी तर करच, पण या वजाबाकीसाठीही कर.

आणखी एकच सांगते आणि आटपतं घेते. या पेट्या बंद करायची औषधं फार दिवसांपासून आहेत. त्यातली काही म्हणजे पेटीच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबल्यासारखी. बाहेरचं पत्र आत जात नाही, पण झेंडा थरथरायचा तो थरथरतच राहतो. आम्हाला वाटायचं सगळी औषधं अशीच. बेआत्रिसने जुन्या कपाटातल्या साताठ बाटल्या काढून कोऱ्या नळ्यांत घालून पाहिल्या, तर एकीने चमत्कार केला. नऊशेचे साडेतीनशे! ती बोळा कोंबत नाही, ती झेंड्यावरच अलगद हात ठेवते आणि त्याला निवांत करते. बेआत्रिस आनंदाने ओरडली, "व्हर्नाबाई, असं काही तुम्ही कधी पाहिलंय?" मी म्हटलं, "पाहिलंय की. लॉरीन." तिने ताबडतोब औषधांच्या सूचीत 'ल' शोधायला घेतला.

तुला आठवतं ना? मी तुझ्या घरात वावटळीसारखी फिरायला लागले, कपाटं उघडायला लागले, पडदे काढून धुवायला घेतले, की तू म्हणायचास, "व्हर्ना, पुरे," आणि मी आणखीच जोर करायचे. वहिनी काही म्हणायची नाही. येऊन माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, "बस गं जरा, कॉफी निवते आहे," आणि मी बसायचे. खरंच बसायचे. त्या दिवशी तुझ्या तळघरात मनगटावर ती दोन बोटं असती, तर ते सात डबे आज जागेवर असते. ती गेल्यापासून मला कुणी निवांत करत नाही, दादा, आणि तुला कुणी बोलकं करत नाही. मला तिची फार आठवण येते. तुला किती येत असेल ते मी विचारत नाही.

असो. हे सगळं लिहिण्यामागे माझा काही हेतू नाही. गुरुवारी मी इथे एकटीपुरता टर्कीचा तुकडा भाजेन आणि गाजर घातलेली जेली करेन. तू सवडीने, वाटलं तर, दोन ओळी लिही. बोलावणं येईपर्यंत मी इथेच वाट पाहत बसेन, माझी मुळीच घाई नाही. गुडघ्याला ऊब दे, खोकल्यावर मध घे, आणि पास्टरसाहेबांशी बोल. हॅरिएट म्हणते, गालिच्याचा रंग तसा वाईट नाही.

तुझीच धाकटी,
व्हर्ना
(आडनाव तुला माहीत आहे.)

ता. क. आज बुधवार, सकाळचे अकरा. अक्षर वेडंवाकडं आहे कारण कागद गाडीच्या स्टिअरिंगवर ठेवून लिहिते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही: मी तुझ्या रस्त्याच्या तोंडाशी, तुझ्या टपालपेटीपासून चार हातांवर उभी आहे. तिकीट नाही ते म्हणून. टपालाने पाठवलं असतं तर शुक्रवारी पोचलं असतं, आणि तोवर टर्की संपली असती. मला कुणी बोलावलेलं नाही हे मला पूर्ण ठाऊक आहे. माझी बिजागरीच सैल आहे, त्याला मी काय करू?

ता. क. दुसरा. शेजारच्या सीटवर पट्टा लावून, टॉवेलात गुंडाळून कॉटेज चीजचा एक डबा बसवला आहे. गेल्या आठवड्यात माझा स्वतःचा फ्रीझर साफ करताना मटारांच्या मागे सापडला. वहिनीने त्याच जूनमध्ये माझ्या हातात कोंबलेला, आणि मी विसरलेला. वर नाव नाही, तारीख नाही. माझ्या नियमाप्रमाणे कचऱ्यातच जायला हवा होता. मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात अर्धा तास उभी होते, आणि मग परत आत ठेवला. आता वर चिठ्ठी लावली आहे: 'लॉरीनचं. ऑर्व्हिलसाठी. टाकू नये.' तीन तासांच्या प्रवासात कडेने वितळायला लागलाय, तेव्हा खरी विनंती एवढीच, की मला आत घ्यायचं नसेल तरी हा डबा लवकर घे.

ता. क. तिसरा. आता उतरते, पत्र पेटीत टाकते, आणि पेटीचा झेंडा वर करते, म्हणजे तुला खिडकीतून दिसेल. दिसला आणि तू बाहेर नाही आलास, तर मला समजेल. वीस मिनिटं थांबेन आणि डबा पेटीखाली बर्फात ठेवून जाईन.

ता. क. चौथा. थांब. मी अजून गाडीतच आहे. पत्र माझ्या हातात आहे, झेंडा खाली आहे, हॉर्नही वाजवलेला नाही. आणि तू घराकडून येतोयस, सपाता घालून, डोक्यावर टोपी नाही, दुखरा गुडघा ओढत, हातात काच पुसायचं फडकं घेऊन. दादा, तुला कुणी बोलावलं होतं?